छोट्या विमानांचे अवतरण : अपघातांची कारणे आणि जमिनीवरील दक्षता

मुंबई-आग्रा महामार्गाने खलघाट येथे नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढले की माळव्याचे पठार लागते. या पठारावर इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास ही पवार घराण्याची जुनी राजधानीची गावे आहेत. देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच नगरात नांदत होती. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी, २६ जुलै रोजी, इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईकडे नियमित हवाई सेवा सुरू झाली. इंदूरच्या विमानतळासाठी बिजासन येथील जागा त्यापूर्वीच, १९३५ साली, टाटा कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी होळकर संस्थानाशी विचारविनिमय करून निवडली होती.

इंदूरची धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेचा वारा असेल तेव्हा विमाने पूर्वेकडून, म्हणजे देवासच्या अंगाने, उतरतात. वारा पूर्वेचा झाला की ती धारच्या अंगाने येतात. उज्जैन-देवास मार्गाजवळ दताना येथेही एक लहान धावपट्टी आहे. त्यामुळे डोक्यावरून खाली येणारे विमान हे या भागातील शेतकऱ्यास नवल राहिलेले नाही. मात्र ते विमान कसे उतरते, कोणत्या कारणांनी त्यास अपघात होतो आणि त्या कारणांपैकी किती कारणे जमिनीवरील माणसांच्या हातची असतात, याची माहिती फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती माहिती सोप्या रीतीने देणे हा आहे. छोटे विमान म्हणजे येथे दोन ते दहा माणसे नेणारे, प्रशिक्षणासाठी किंवा शासकीय व खाजगी प्रवासासाठी वापरले जाणारे विमान समजावे.

उतरणे म्हणजे काय

उड्डाणाच्या एकंदर काळात उतरण्याचा काळ अगदी थोडा असतो. तरीही छोट्या विमानांच्या अपघातांत सर्वाधिक संख्या उतरतानाच्या अपघातांची असते, असे अनेक देशांच्या अनुभवावरून दिसून आले आहे. सुदैवाने त्यांतील पुष्कळ अपघातांत मोडतोड होते, पण जीव वाचतात. जे थोडे अपघात जीवघेणे ठरतात, त्यांचे मूळ बहुधा चाके टेकण्याच्या क्षणी नसून त्याआधीच्या एक-दोन मिनिटांत असते. या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय : अपघात धावपट्टीवर दिसतो, पण तो घडू लागलेला असतो त्याच्या बराच अलीकडे.

धावपट्टीकडे येताना विमान सुमारे तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. हा उतार फार सौम्य आहे. शंभर मीटर उंची कमी करण्यास जवळजवळ १९०० मीटर अंतर लागते. प्रशिक्षणासाठी पुष्कळ वापरले जाणारे सेसना-१५२ हे दोन आसनी विमान या वेळी ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने चालते. म्हणजे शेवटचे शंभर मीटर उतरावयास त्यास सुमारे एक मिनिट मिळते. या एका मिनिटात वैमानिकास वेग, उंची आणि दिशा या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. जमीन चार-पाच मीटरवर आली की तो विमानाचे नाक हलकेच उचलतो, वेग उतरू देतो आणि मागची दोन चाके प्रथम टेकवितो. नाकाखालचे चाक शेवटी टेकते.

बैलगाडीचा वेग कमी झाला तर गाडी फक्त हळू चालते. विमानाचे तसे नाही. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहते तोवरच पंख विमानास उचलून धरतात. वेग एका मर्यादेखाली गेला किंवा नाक फार वर गेले, तर हवेचा प्रवाह पंखावरून सुटतो आणि विमान खाली कोसळू लागते. वैमानिकांच्या भाषेत यास ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडणे आणि स्टॉल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंजिन उत्तम चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

वैमानिकाच्या हातून होणाऱ्या चुका

पहिली चूक वेगाची. वेग कमी पडला तर स्टॉलचा धोका असतो, हे सर्व शिकाऊ वैमानिकांना ठाऊक असते. म्हणून काही जण ‘थोडा जास्त वेग असू द्यावा’ असा विचार करतात. परंतु जास्त वेग हाही निरुपद्रवी नाही. थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त असेल तर धाव सुमारे २१ टक्के वाढते. शिवाय असे विमान टेकण्याऐवजी धावपट्टीवर तरंगत राहते आणि मोलाची लांबी मागे सोडून जाते. अधीर होऊन वैमानिकाने ते बळेच खाली दाबले, तर नाकाचे चाक प्रथम आदळते व विमान उसळते. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी आणि तिसरी दुसरीपेक्षा मोठी, असे दोन-तीनदा झाले की नाकाचे चाक मोडते आणि पंख्याचे पाते जमिनीस लागते.

दुसरी चूक शेवटच्या वळणाची. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी विमानास जमिनीजवळ एक वळण घ्यावे लागते. पाठीमागून वारा असेल तर विमान रेषा ओलांडून पुढे जाते. मग वैमानिक वळण अधिक तीव्र करतो. विमान कलले की पंखांवरील भार वाढतो आणि भार वाढला की स्टॉलचा वेगही वाढतो. सपाट उंची राखून ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के जास्त असतो. ६० अंश कलले तर तो ४१ टक्के जास्त होतो. म्हणजे सरळ उडताना सुरक्षित असलेला वेग वळणावर अपुरा ठरतो. तशात पायाने सुकाणू अधिक दाबले गेले, तर विमान एका पंखावर गरकन फिरते. उंची दीडदोनशे मीटरच असल्याने सावरण्यास अवकाश राहत नाही. उतरतानाच्या जीवघेण्या अपघातांचा हा एक ठरलेला नमुना आहे.

तिसरी चूक विस्मरणाची. ज्या विमानांची चाके पोटात मिटतात, त्यांत चाके उघडावयाचे राहून जाते. काही विमानांत इंधनाची टाकी बदलावयाची असते, ती बदलली जात नाही. दमट हवेत इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू शकतो. बाहेर हवा मुळीच थंड नसतानाही हे घडते, कारण इंधनाची वाफ होताना आतील हवा एकदम गार पडते. इंजिनाचा जोर कमी करून उतरत असता हा धोका वाढतो, म्हणून गरम हवेची कळ वेळीच ओढावी लागते. या सर्वांवरील उपाय साधा आहे. वैमानिकाजवळ कामांची छापील यादी असते. पाठ असली तरी ती प्रत्येक वेळी वाचावी, असा दंडक आहे.

वारा, ऊन, पाऊस आणि धुके

विमान नेहमी वाऱ्यास तोंड देऊन उतरते. याचे कारण पुढील हिशेबावरून शाळकरी मुलासही कळेल. विमानाचा हवेतील वेग ताशी ११० किलोमीटर आणि वारा २० किलोमीटर धरू. समोरून वारा असेल तर जमिनीवरील वेग ९० होतो. पाठीमागून असेल तर १३० होतो. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे धरले तर ९० चा वर्ग ८१०० आणि १३० चा वर्ग १६९००. म्हणजे केवळ दिशा चुकल्याने दुपटीहून अधिक धावपट्टी लागेल. लहान धावपट्टीवर वारा दाखविणारी कापडी पिशवी उभारलेली असते, ती यासाठीच. ती फाटलेली असेल, दोरीत अडकलेली असेल किंवा कोणी काढून नेली असेल, तर वैमानिकाचा एक डोळा गेला असे समजावे.

आडवा वारा विमानास धावपट्टीवरून बाजूस ढकलतो. तिरप्या दिशेच्या वाऱ्याचा आडवा भाग किती, हेही मोजता येते. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून ताशी २० किलोमीटर वारा असेल, तर आडवा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे १० किलोमीटर असतो. तो विमानाच्या ठरलेल्या मर्यादेत असला, तरी झोत येऊन वारा एकाएकी वाढला तर नवशिक्या वैमानिकाचे विमान पट्टीबाहेर जाते. माळव्यात पट्टीबाहेर काळी जमीन असते. पावसाळ्यात तिच्यात चाक रुतते आणि चाक रुतले की विमान नाकावर उभे राहते किंवा उलटते.

माळव्याच्या उन्हाळ्याचा प्रश्न निराळा आहे. हे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंच आहे. इंदूरच्या विमानतळाची उंची सुमारे ५६० मीटर आहे. वैशाखात पारा ४२ अंशांवर गेला की येथील हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. विरळ हवेत पंखांना तेवढाच आधार मिळण्यासाठी विमान प्रत्यक्षात अधिक वेगाने जावे लागते. या उदाहरणात तो वेग सुमारे ८ टक्के अधिक होतो आणि उतरल्यानंतरची धाव सुमारे १७ टक्के वाढते. वेगदर्शक घड्याळ मात्र नेहमीचाच आकडा दाखविते, कारण तेही त्याच विरळ हवेने चालते. जमीन भराभर मागे सरताना पाहून वैमानिकास वाटते की वेग फार झाला. डोळ्यावर विसंबून त्याने वेग कमी केला, तर तो स्टॉलकडे जातो. अशा वेळी डोळ्यापेक्षा घड्याळ खरे मानावे, असे त्यास शिकविलेले असते.

पावसात दोन संकटे एकत्र येतात : दिसणे कमी होते आणि ओल्या पट्टीवर ब्रेक नीट लागत नाहीत. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात उतरताना विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट-४५ विमान धावपट्टीवरून घसरून मोडले. त्यातील आठही जण बचावले.

धुके हे पावसाहूनही फसवे आहे. मावठ्याचा पाऊस होऊन गेल्यावर निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर गार होते आणि सखल भागात धुके दाटते. वरून पाहता विरळ धुक्यातून दिवे स्पष्ट दिसतात. पण उतरू लागताच नजर तिरपी होते, धुक्याचा जाड थर आड येतो आणि दिवे नाहीसे होतात. ३ जानेवारी २०२० रोजी रात्री सागर जिल्ह्यातील ढाना येथे सेसना-१७२ जातीचे प्रशिक्षण विमान दाट धुक्यात उतरताना कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही मृत्यू पावले.

जमिनीवरील कारणे

आतापर्यंतची कारणे वैमानिकाची किंवा निसर्गाची होती. याखेरीज कारणांचा एक वर्ग जमिनीवरचा आहे. गेल्या काही वर्षांतील पुढील घटना त्या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या आहेत.

२७ ऑगस्ट २०१९ रोजी उत्तर प्रदेशात अलीगढजवळ धनीपूर येथे उतरताना एक छोटे विमान विजेच्या तारेत अडकून कोसळले व जळाले. आतील सहा जण वाचले. तार ही वैमानिकाची मोठी वैरीण आहे. उंच इमारत दुरून दिसते, तार दिसत नाही. वैमानिक तार शोधत नाही. तो खांब शोधतो व त्यावरून तारेचा अंदाज करतो. खांब झाडांत दडलेले असतील तर तेही साधत नाही. येथे नजरेचा आणखी एक भ्रम घात करतो. रुंद धावपट्टीची सवय असलेला वैमानिक अरुंद पट्टीवर आला की पट्टी बारीक दिसते म्हणून आपण फार उंच आहोत असे त्यास वाटते. मग तो नकळत जरुरीपेक्षा खाली येतो. तारा आणि झाडे नेमकी तेथेच असतात.

५ जानेवारी २०२३ च्या रात्री रीवा जिल्ह्यात चोरहटा धावपट्टीकडे येणारे प्रशिक्षण विमान जवळच्या उमरी गावातील मंदिराच्या कळसास व विजेच्या तारांस धडकले. त्या वेळी धुके होते. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला आणि प्रशिक्षणार्थी जखमी झाला. या घटनेत धुके, रात्र, कमी उंची आणि मार्गाजवळील उंच वस्तू या चार गोष्टी एकत्र आल्या. त्यांपैकी कोणतीही एक नसती, तर परिणाम कदाचित निराळा झाला असता.

तिसरी घटना ग्वाल्हेरची. ६ मे २०२१ रोजी कोविडच्या दुसऱ्या लाटेत मध्य प्रदेश शासनाचे किंगएअर विमान रेमडेसिविर औषध घेऊन ग्वाल्हेरला उतरत होते. तेथील तळ वायुसेनेचा आहे. लढाऊ विमान पट्टीबाहेर जाऊ नये म्हणून अशा तळांवर पट्टीच्या टोकास अटकाव-जाळी असते. ती उभारलेल्या स्थितीत होती व विमान तीस थडकले. आतील तिघे जखमी झाले, परंतु वाचले. जाळी उभी असल्याची सूचना मिळाली नव्हती, असे वैमानिकाचे म्हणणे होते. दोष कोणाचा हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी प्रशासनासाठी येथे एक धडा आहे. पट्टीवर किंवा तिच्या टोकास काहीही उभे असेल, तर ती बातमी वैमानिकास विमान उतरण्यापूर्वी पोचली पाहिजे आणि पोचली याची खात्री झाली पाहिजे.

चौथे कारण जनावरे व पक्षी. ४ डिसेंबर २०१५ रोजी जबलपूर येथे एक प्रवासी विमान उतरल्यावर रानडुकरांच्या कळपावर आदळून पट्टीबाहेर गेले. ते विमान मोठे होते. सेसनासारख्या हलक्या विमानास एक रोही किंवा एक मोकाट गायसुद्धा पुरेशी आहे. घारी व गिधाडे उघड्यावर टाकलेल्या घाणीवर जमतात, आणि त्यांचे घिरट्या घेण्याचे व विमानाचे उतरण्याचे आकाश एकच असते.

पुन्हा वर जाण्याचा निर्णय

वरील बहुतेक संकटांतून सुटण्याचा एक मार्ग वैमानिकाच्या हाती अखेरपर्यंत असतो. वेग बरोबर नाही, विमान रेषेत नाही, पट्टी नीट दिसत नाही, पट्टीवर जनावर आले आहे किंवा विमान जोराने उसळले आहे. यांपैकी काहीही झाले तर इंजिनास पूर्ण जोर द्यावा, उतरण्याचा नाद सोडून वर जावे, एक फेरी घ्यावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. फेरीस काही मिनिटे आणि थोडे इंधन लागते. ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फेरीनेही भागत नसेल, तर दुसऱ्या विमानतळाकडे जावे.

मग हा मार्ग नेहमी का अवलंबिला जात नाही? एक कारण मनुष्यस्वभावाचे आहे. काम तडीस नेण्याच्या जवळ आलेला माणूस मागे फिरण्यास नाखूष असतो. दुसरे कारण दडपणाचे आहे. खाली स्वागतास मंडळी जमलेली असतात, सभेची वेळ झालेली असते, मागील आसनावरून ‘अजून किती वेळ?’ असा प्रश्न येतो. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. वैमानिकाने ‘आज उतरता येणार नाही’ असे सांगितल्यास ते शांतपणे मान्य करणे, हा सुरक्षिततेचाच एक भाग आहे. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होऊ शकते.

गावकऱ्यांनी काय करावे

धावपट्टी रिकामी दिसली तरी ती बंद आहे असे मानू नये. तिच्यावर सोयाबीन किंवा गहू वाळत घालणे, गुरे सोडणे, मोटारसायकल शिकणे, पायवाट म्हणून ती ओलांडणे हे सर्व टाळावे. गव्हाची कापणी झाल्यावर माळव्यात शेतातील नरवाई जाळण्याची प्रथा आहे. तिचा धूर पट्टीवर पसरला तर काही क्षणांत पट्टी दिसेनाशी होते. नरवाई जाळल्याने जमिनीचा कसही जातो, तेव्हा ती न जाळणेच हिताचे. लग्नसमारंभात आकाशाकडे लेझरचा झोत मारू नये. रात्री उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे त्याने दिपतात. पतंग आणि ड्रोन उतरण्याच्या मार्गापासून दूर ठेवावेत.

शेजारी विमान कोसळलेच, तर प्रथम ११२ या क्रमांकावर कळवावे. ठिकाण, जवळचा रस्ता आणि किती माणसे दिसतात हे सांगावे. इंधनाचा वास येत असेल तेथे विडी, काडी, कंदील किंवा चालू इंजिनाची गाडी नेऊ नये. छोट्या विमानांत बहुधा पेट्रोलच्या जातीचे इंधन असते व ते ठिणगीने भडकते. पंख्याचे पाते थांबलेले असले तरी त्यास हात लावू नये. ते एकाएकी फिरू शकते. विमानाजवळ मागील बाजूने, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून जावे. आग नसेल तर जखमींना ओढाताण करून बाहेर काढू नये. आग असेल तर विलंब करू नये. माणसे सुटल्यावर मोडलेल्या भागांस कोणीही हात लावू नये. तुटलेला तुकडा आठवण म्हणून घरी नेणारा माणूस नकळत अपघाताचा पुरावा नेत असतो.

अधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी

धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा पट्टा हाच खरा महत्त्वाचा पट्टा होय. तेथे वीजवाहिनी, मनोरा, उंच इमारत किंवा पाण्याची टाकी मंजूर करण्यापूर्वी विमानतळाभोवतीच्या उंचीच्या मर्यादेचे २०१५ चे नियम पाहावेत व आवश्यक ना-हरकत घ्यावी. पूर्वीपासून असलेल्या तारांवर रंगीत गोळे व मनोऱ्यावर दिवे लावावेत. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर जनावरे कापणे, कातडी सोलणे, कचरा व घाण टाकणे यांस मनाई केली आहे. ग्रामपंचायतीने कचऱ्याची जागा ठरविताना हे अंतर नकाशावर मोजून पाहावे. कुंपणातील भगदाडे, वाढलेले गवत, फाटलेली वाऱ्याची पिशवी या बाबी लहान खर्चाच्या आहेत. त्यांचे वेळापत्रक ठरवून तपासणी व्हावी.

शिक्षकांना हा विषय गणित, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही तासांना उपयोगी पडेल. तीन अंशांचा उतार आलेखावर काढणे, वारा पुढून व मागून धरून थांबण्याचे अंतर काढणे, जुन्या कापडाची वाऱ्याची पिशवी करून शाळेच्या आवारात महिनाभर वाऱ्याची दिशा नोंदविणे, ही कामे मुले आवडीने करतील. कागदी विमानाचे नाक फार वर धरून सोडले की ते प्रथम चढते, थबकते आणि मग खाली पडते. स्टॉल समजावून सांगण्यास याहून स्वस्त साधन नाही.

अन्वेषणाचा हेतू

भारतात विमान अपघातांच्या अन्वेषणासाठी २०१२ साली स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अशा अन्वेषणाचा हेतू दोषी ठरविणे हा नसून तसाच अपघात पुन्हा होऊ नये हा असतो. म्हणूनच त्यांत ‘चूक कोणाची’ याबरोबर ‘ती चूक होण्यास काय काय कारणीभूत झाले’ याचा शोध घेतला जातो. साक्ष देणाऱ्या गावकऱ्याने ऐकीव गोष्ट न सांगता आपण स्वतः काय पाहिले, इंजिनाचा आवाज चालू होता की बंद, विमान कोणत्या दिशेने आले, आधी धूर दिसला की आदळल्यावर, एवढेच नेमके सांगावे. अशी साधी साक्ष फार मोलाची ठरते.

अपघाताची साखळी अनेक कड्यांची असते. काही कड्या वैमानिकाच्या हाती असतात, काही हवामानाच्या, आणि काही तार, कळस, कचरा, धूर व मोकाट गुरे यांच्या रूपाने जमिनीवर असतात. साखळी तुटण्यास कोणतीही एक कडी निघाली तरी पुरे होते. वैमानिकाने आपली कडी काढावी, यासाठी त्यास कठोर शिक्षण दिले जाते. जमिनीवरील कडी काढण्यास फारसे शिक्षण लागत नाही. धावपट्टीजवळच्या गावाने कुंपण जपले, कचरा योग्य जागी टाकला आणि काड पेटविले नाही, तर ढाना किंवा रीवा येथे जे कुटुंबांच्या वाट्यास आले, ते आणखी एखाद्या कुटुंबाच्या वाट्यास येण्याचे टळू शकेल.